राखीव गार्ड असता, तर?

प्रश्न : २०१८ मध्ये एनबीए बास्केटबॉलमधल्या ह्यूस्टन रॉकेट्सनी वेळीच आणखी एक राखीव पॉइंट गार्ड घेतला असता, तर ख्रिस पॉल जखमी होऊनही ते प्लेऑफच्या मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सना हरवू शकले असते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मला नाही वाटत. पाचव्या सामन्याच्या अखेरीस पॉलच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. तो सामना जिंकून रॉकेट्सनी मालिकेत ३-२ अशी आघाडी घेतली होती. पुढचे दोन्ही सामने मात्र एकाच वळणाने गेले. सहाव्यात मध्यंतराला रॉकेट्स ६१-५१ असे पुढे, शेवटी ८६-११५ असे पराभूत. सातव्यात ५४-४३ असे पुढे आणि तरी ९२-१०१ अशी हार! उत्तरार्धात जेम्स हार्डनला चार मिनिटे दम खाऊ देणारा कुणी असता तर फरक पडला असता, हा तुमचा मुद्दा इथपर्यंत पटतो.

पण त्या राखीव गार्डला खेळवले असते का? प्रशिक्षक माइक डी'अँटोनी प्लेऑफमध्ये मोजक्याच खेळाडूंवर विसंबायचे. फेब्रुवारीत आणलेला अनुभवी जो जॉन्सनसुद्धा बहुतेक वेळ बाकावरच होता. शिवाय १ मार्चनंतर दुसऱ्या संघाने सोडलेला खेळाडू प्लेऑफला चालत नाही. म्हणजे निर्णय पॉलच्या दुखापतीच्या कितीतरी आधी घ्यावा लागला असता.

सातव्या सामन्यात रॉकेट्सचे सलग २७ थ्री-पॉइंटर हुकले. नेम धरणारे हात नेहमीचेच होते. राखीव गार्डने फार तर पराभवातले अंतर कमी केले असते. मालिका वाचवायला पॉलच हवा होता.