पाळी पुढे ढकलण्याची गोळी

गौरी-गणपती जवळ आले, की औषधाच्या दुकानात एका बारीकशा गोळीला गिऱ्हाईक वाढते. एकवीरा आईची यात्रा असो की घरचे लग्न असो, नेमकी त्याच दिवसांत पाळी येणार असे दिसले, की बाया ही गोळी मागवतात. बाई स्वतः दुकानात जायला लाजते. मग पोराला नाहीतर नवऱ्याला धाडते. "पाळी पुढे जायची गोळी द्या," एवढेच तो सांगतो आणि पाकीट घेऊन येतो. म्हणून हा धडा नावड्याच्या बायांबरोबर पुरुषांनीही वाचावा, असे आम्हाला वाटते.

गोळीचे नाव नॉरएथिस्टेरोन. नाव अवघड आहे. तोडून वाचा : नॉर-एथि-स्टेरोन. सन १९५१ मध्ये मेक्सिको देशातल्या एका प्रयोगशाळेत हे औषध पहिल्यांदा तयार झाले. तिथल्या एका रानकंदातून मिळणारे द्रव्य त्यासाठी उपयोगी पडले. आपण करांदे खातो, त्याच कुळातला तो कंद. पण करांदे खाऊन पाळी पुढे जात नाही हो!

आता ही गोळी काम कसे करते ते पाहू. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला मऊ अस्तर तयार होते. ते टिकवून धरणारा एक रस शरीरच बनवते. त्याला प्रोजेस्टेरॉन म्हणतात. हा रस कमी पडला, की अस्तर सुटते आणि पाळी येते. खाचराचा बांध फोडला की पाणी वाहून जाते, तसेच हे. गोळीत त्या रसासारखेच, पण माणसाने बनवलेले औषध असते. गोळी चालू आहे तोवर बांध उभा. गोळी थांबवली, की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. नावड्याची शेते कारखान्यांना आणि वसाहतींना गेली खरी, पण बांध म्हणजे काय हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही.

यासाठी डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा देतात. ती पाळीच्या तारखेआधी तीन दिवस सुरू करायची असते. तेव्हा दर महिन्याची तारीख लिहून ठेवा. आता तुम्हाला आकडे येतात, मग कॅलेंडरवर खूण करायला काय हरकत आहे?

ही गोळी केवळ सणासाठी निघालेली नाही. कुणाला पाळीत फार रक्त जाते, अंगातले रक्त कमी होते, चालताना दम लागतो. अशा बाईला ही गोळी मोठा आधार देते. मात्र चाळिशीनंतर फार रक्त जाऊ लागले, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर आधी तपासणी झाली पाहिजे. त्यामागे कर्करोगही असू शकतो. नुसत्या गोळ्या खाऊन तो झाकला जाईल.

गोळीने कुणाला मळमळते, डोके दुखते, पोट फुगते, छाती दुखरी होते, मन उदास होते. हे बहुधा गोळी थांबवल्यावर जाते. पण क्वचित शिरेत रक्ताची गुठळी होते, आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. एकच पाय सुजून दुखू लागला, एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, दिसेनासे झाले किंवा डोळे पिवळे पडले, तर गोळी बंद करा आणि तडक पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. पूजा उरकू द्या, मग बघू, असे म्हणू नका.

ज्या बाईला पूर्वी अशी गुठळी झाली होती, यकृताचा आजार आहे, किंवा स्तनाचा कर्करोग झाला होता, तिने ही गोळी घेऊ नये. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी लघवीची तपासणी करावी, कारण या औषधाने पोटातल्या गर्भाला अपाय होऊ शकतो. क्षयाची किंवा फिट्‌सची औषधे चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यातल्या काही औषधांनी या गोळीचा जोर कमी होतो. आणि ही गोळी चार दिवस खाल्ली म्हणजे मूल राहणार नाही, असे मुळीच नाही.

पाळीत देवाजवळ जावे की न जावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण सासूने सुनेच्या हातावर न विचारता गोळी ठेवावी, हे आम्हाला पटत नाही. गोळी तिच्या पोटात जाणार. तिला विचारायला नको? कायद्यानेही ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असते.

याच जातीचे दुसरे एक औषध सुईतून देतात. सरकारी दवाखान्यात सन २०१७ पासून ते 'अंतरा' या नावाने फुकट मिळू लागले. दर तीन महिन्यांनी एक सुई घेतली, की पाळणा लांबतो. या सुईने पाळी अनियमित होते, पुष्कळदा बंदच होते. ते रक्त पोटात साचत नाही. अस्तरच पातळ राहते. सुई बंद केल्यावर मूल राहायला मात्र काही महिने लागतात. लवकर मूल हवे असेल त्या बाईने सुई घेण्याआधी आशाताईंना हे सांगावे.