भय, श्रद्धा आणि आशा : दिल्लीचे मास्टर रामचंद्र

श्रद्धा मनुष्याला भयमुक्त करते, असे विधान सर्वच धर्मांच्या उपदेशात आढळते. ख्रिस्ती धर्मही त्याला अपवाद नाही. परंतु नव्या करारात हे विधान जितक्या सावधपणे केले आहे, तितक्या सावधपणे ते नेहमीच वाचले जाते असे नाही. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकुळ झाल्याचे शुभवर्तमानांनी लपविलेले नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल जो क्रम सांगतो, त्यात आरंभी संकट येते. संकटातून धीर, धीरातून शील आणि सर्वांत शेवटी आशा निर्माण होते. म्हणजे आशा ही संकट टळल्याची खूण नव्हे. संकटातून जात असतानाच ती घडत जाते. हा विचार एका भारतीय माणसाच्या आयुष्यात कसा कसोटीस लागला, हे एकोणिसाव्या शतकातील दिल्लीचे गणितज्ञ मास्टर रामचंद्र यांच्या चरित्रावरून समजते.

रामचंद्रांचा जन्म १८२१ मध्ये पानिपत येथे एका कायस्थ कुटुंबात झाला. त्यांच्या लहानपणीच वडील वारले. दिल्लीत शिक्षण घेऊन १८४४ मध्ये ते दिल्ली कॉलेजात विज्ञानाचे अध्यापक झाले. पाश्चात्त्य ज्ञान उर्दूत आणण्याच्या उद्योगात त्यांचा मोठा वाटा होता; त्यासाठी त्यांनी ग्रंथांची भाषांतरे केली आणि नियतकालिके चालविली. महत्तम व लघुतम मूल्यांचे प्रश्न कलनशास्त्राच्या साहाय्यावाचून केवळ बीजगणिताने कसे सोडवावेत, हे दाखविणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८५० मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. लंडनचे विख्यात गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५९ मध्ये स्वतःची प्रस्तावना जोडून तो पुन्हा छापविला. त्या प्रस्तावनेत रामचंद्रांचे छोटेसे आत्मवृत्तही समाविष्ट आहे.

सुशिक्षित माणसाला कोणत्याही रूढ धर्माची आवश्यकता नाही, असे तरुणपणी रामचंद्रांचे मत होते. पुढे इंग्रजांना चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करताना त्यांनी पाहिले आणि त्यांची जिज्ञासा जागी झाली. त्यांनी नव्या कराराचे वाचन केले. १८५२ मध्ये त्यांनी व त्यांचे मित्र, दिल्लीतील सहायक शल्यवैद्य डॉ. चिमनलाल यांनी बाप्तिस्मा घेतला. दोघेही शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ असल्यामुळे या घटनेने दिल्लीत मोठी खळबळ उडाली. त्याच काळात, १८५४ साली, बेळगावात बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला. ज्ञाती आणि आप्त यांच्यापासून दुरावण्याचे भय त्या पिढीतील अशा प्रत्येक माणसापुढे उभे असे. रामचंद्रांपुढे याहूनही मोठे भय पाच वर्षांनी येऊन उभे राहिले.

११ मे १८५७ रोजी मेरठहून आलेले शिपाई दिल्लीत शिरले. त्याच दिवशी चिमनलाल मारले गेले. दिल्ली कॉलेजचे प्राचार्य फ्रान्सिस टेलर हेही त्या धामधुमीत प्राणास मुकले. रामचंद्र आधी शहरातच लपून राहिले व नंतर बाहेर निसटून खेड्यात आणि रानावनात आश्रय घेत हिंडले. अखेर ते दिल्लीबाहेरील टेकडीवर असलेल्या इंग्रजांच्या छावणीत पोहोचले. येथे एक गोष्ट विसरता येत नाही. त्यांना लपविणारे व वाट दाखविणारे आप्त आणि जुने नोकर त्यांच्या नव्या धर्माचे नव्हते. ज्या समाजाशी त्यांची फारकत झाली असे म्हटले जाई, त्यातल्याच माणसांनी त्यांचा जीव वाचविला.

सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली. शहराची लूट झाली. असंख्य रहिवाशांना घराबाहेर काढण्यात आले. रामचंद्र सरकारी कामावर रुजू झाले होते. त्यांचे संकट आता संपले, असे कोणासही वाटले असते. परंतु याच दिवसांत इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना मारहाण केली. आपण ख्रिस्ती आहोत आणि सरकारी सेवेत आहोत, असे सांगूनही त्याचा उपयोग झाला नाही.

तेव्हा रामचंद्रांनी दिल्लीचे लष्करी गव्हर्नर कर्नल बर्न यांना पत्र लिहिले. त्या पत्राचा आशय असा : शहरात लपलेले असताना व रानातून पळत असताना एका विचाराने मनाला मोठे सांत्वन मिळत होते. आपण सापडून मारले गेलो, तर ते आपल्या श्रद्धेमुळे. आद्य ख्रिस्ती हुतात्म्यांप्रमाणे आपलेही मरण साक्षीरूप होईल. पण देशी ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती अधिकाऱ्यांकडूनच धोका असेल, आणि तोही केवळ तो इंग्लंडात जन्मला नाही व त्याची कातडी गोरी नाही म्हणून, तर सांत्वनाला जागा कोठे उरते? बंडखोरसुद्धा आपापल्या धर्मबांधवांना भावासारखे वागवीत, हेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले.

हे पत्र निराशेचे आहे असे प्रथमदर्शनी वाटते. बारकाईने पाहिल्यास त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. १८५७ च्या अखेरीस दिल्लीत देशी माणसाचा जीव किती स्वस्त झाला होता, हे सर्वश्रुत आहे. क्षुल्लक संशयावरून फाशी दिली जात होती. अशा वेळी जेत्यांच्या वर्तनाविषयी त्यांच्याच अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करणे, हे भय जिंकल्यावाचून शक्य नव्हते. या तक्रारीचा आधारही त्यांच्या श्रद्धेतच होता. ईश्वरापुढे सर्व माणसे समान आहेत हे ज्याने मनोभावे स्वीकारले, त्याला मारणाऱ्याचा धर्म आपलाच आहे एवढ्यावरून अन्याय मुकाट्याने सोसणे मान्य होईना. पहिल्या संकटात श्रद्धेने त्यांना मरणाचे भय सहन करण्याचे बळ दिले. दुसऱ्या संकटात स्वकीय म्हणविणाऱ्यांना जाब विचारण्याचे. दुसरे काम अधिक अवघड होते, कारण तेथे हौतात्म्याचे समाधानही नव्हते.

या अनुभवानंतर रामचंद्रांनी ना श्रद्धा सोडली, ना शहर कायमचे सोडले. १८५८ मध्ये काही काळ रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन करून ते दिल्लीस परतले आणि तेथील सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पुढे पतियाळा संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख म्हणूनही त्यांनी काम केले. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले. काश्मीरी दरवाज्याजवळील सेंट जेम्स चर्चमध्ये चिमनलाल यांचा स्मृतिलेख आहे. मित्र ज्या शहरात मारला गेला आणि आपण स्वतः दोन्ही पक्षांकडून छळले गेलो, त्याच शहरातील मुलांना रामचंद्र पुन्हा शिकवू लागले. पौलाने ज्या आशेला संकट, धीर आणि शील यांच्यानंतरचे स्थान दिले, ती व्यवहारात कशी दिसते याचे हे एक साधे उदाहरण होय.