आपणही परकेच होतो

शास्त्रवाचन : लेवीय १९:३३, ३४, रूथ अध्याय २, मत्तय २५:३१-४६



आमचे बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. आसपास संत्र्याच्या बागा आणि गावालगत कारखाने. कामासाठी दूरदूरची माणसे येथे येतात. त्यांची बोली निराळी, जेवण निराळे. ती खोली भाड्याने मागावयास आली की आपल्या तोंडून सहज निघते, "बाहेरच्यांना नको." हे बोलणे लहान वाटते; परंतु त्याचा शेवट कोठे होतो हे आपण पाहिले आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत रोष दाक्षिणात्यांवर होता. २००८ च्या फेब्रुवारीत तो उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर व फेरीवाल्यांवर उतरला. नाशिकहून हजारो कामगार भीतीने आपल्या गावी परतले. तेथेच बसवर झालेल्या दगडफेकीत एक मराठी कामगार प्राणास मुकला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रेल्वे भरतीच्या परीक्षेस आलेल्या तरुणांना मारहाण झाली. भिरकावलेला दगड कोणाची भाषा विचारीत नाही. पांढुर्ण्याची गोटमार पाहिलेल्या आपणांस हे वेगळे सांगावयास नको.

आता शास्त्राकडे वळू. देशात राहणाऱ्या परक्यास जाचू नका, त्याला आपल्यातलाच माना व त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, अशी आज्ञा देव लेवीयात देतो. तिचे कारणही तो सांगतो : इस्राएल लोक मिसर देशात परके होते. निर्गम २३:९ मध्ये तो आणखी म्हणतो की, परक्याचे मन कसे असते हे त्यांना ठाऊकच आहे. येथे देव केवळ दया मागत नाही; तो आठवण ठेवावयास सांगतो. स्वतःचे परकेपण विसरणारा मनुष्यच दुसऱ्याला परका म्हणून हाकलतो.

आपली आठवण काय सांगते? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घर न हलता सौसर-पांढुर्ण्याचे मराठी लोक हिंदी राज्यातले अल्पसंख्य झाले. आपली मुले कामासाठी नागपूर, पुणे, मुंबई गाठतात. त्यांनाही कोणी खोली नाकारली तर आपल्याला कसे वाटेल? राज्यघटनेच्या ३५० अ कलमाच्या आधारे आपण मुलांसाठी मराठीतून प्राथमिक शिक्षण मागतो. त्याच घटनेचे १९ वे कलम प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा हक्क देते. एक कलम आपले आणि दुसरे परक्याचे, असे म्हणता येणार नाही.

रूथेचा विचार करा. ती मवाबी होती, आणि मवाब्यांना मंडळीत घेऊ नये असा नियम अनुवाद २३:३ मध्ये होता. तरीही बवाजाने तिला शेतात सरवा वेचू दिला व गड्यांना ताकीद दिली की, तिला कोणी त्रास देऊ नये. परक्या स्त्रीचे रक्षण त्याने मालक या नात्याने आपली जबाबदारी मानली. मत्तयाने तिचे नाव प्रभूच्या वंशावळीत नोंदवले आहे. आणि तो प्रभू बाळपणीच आश्रयासाठी मिसरास नेला गेला होता.

कोणी म्हणेल, "आमच्या मुलांना काम नाही, त्याचे काय?" हे दुःख खरे आहे, मंडळीने ते हलके लेखू नये. परंतु कमी मजुरीत राबणाऱ्याने ते काम हिरावलेले नाही. मजुरी किती द्यावी व कोणाला घ्यावे हे ठरवणारा तो नव्हे. आपली मागणी कारखानदार व सरकार यांच्यापुढे, सनदशीर मार्गाने ठेवावी. दुबळ्याने दुबळ्याला मारून कोणाचीही चूल पेटत नाही.

मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी राजा आपली भाषा विचारीत नाही. परका होऊन तो दारी आला तेव्हा आपण त्याला आत घेतले की नाही, एवढेच तो विचारतो. पुढच्या वेळी खोली मागणारा दारात उभा राहील तेव्हा "बाहेरच्यांना नको" हे शब्द आपण गिळून टाकू या.

चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या कुटुंबात परगावी परकेपण कोणी सोसले आहे? त्या वेळी कोणी आधार दिला?

२. आपल्या उपासनेस एखादा परप्रांतीय कामगार आला तर त्याच्या शेजारी कोण बसेल?

३. गावात "बाहेरच्यां"विरुद्ध अफवा उठली तर मंडळीने प्रथम काय करावे?