मागे का राहिला, ते आधी विचार

मागे पडलेले, विसरले गेलेले रॉक अल्बम कसे शोधायचे, असं तू विचारलंस. यादी मागितली असतीस तर एका कागदावर काम भागलं असतं. पण यादी कधीतरी संपते. शोधायची रीत एकदा हाताला लागली की जन्मभर पुरते, म्हणून रीतच सांगतो. गॅरेज रॉक, सायकेडेलिक पॉप आणि इंडी या तिन्हींना ती चालते.

तिचं सार एका प्रश्नात आहे: हा अल्बम मागे का राहिला? संगीतच सुमार म्हणून मागे पडलेले अल्बम ढिगाने आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. पण काहींच्या बाबतीत संगीताचा काहीच दोष नसतो. कंपनीने माल दुकानांत पोचवलेला नसतो, अल्बम येण्याआधीच बँड फुटलेला असतो, किंवा गावच जगाच्या टोकाला असतं. कारण कळलं की तसेच आणखी कुठे सापडतील, त्याचाही पत्ता लागतो. पुढचं सगळं या प्रश्नातूनच निघालं आहे.

संग्रहाच्या दारातून आत शिर

१९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत गेले आणि गावोगावच्या पोरांनी गिटारी उचलल्या. गाडीच्या गॅरेजात तालीम करायची, शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात वाजवायचं, गावातल्याच एखाद्या छोट्या कंपनीकडून ४५ची तबकडी, म्हणजे सिंगल, काढायची. पुढे कुणी कॉलेजला गेलं, कुणी व्हिएतनामच्या सक्तीच्या भरतीत, आणि बँड संपला. त्यामुळे गॅरेज रॉकचं उत्तम काम बहुतेक सिंगल्समध्येच आहे. त्या एकेक करून शोधत बसलास तर हाती काही लागणार नाही, म्हणून जाणकारांनी केलेल्या संग्रहांपासून सुरुवात कर.

पहिला मान ‘नगेट्स’चा. लेनी के या तरुण लेखक-गिटारवादकाने इलेक्ट्रा कंपनीसाठी १९६५ ते १९६८ या काळातली २७ गाणी निवडली आणि १९७२ मध्ये दोन एलपींचा हा संच आला. १९९८ मध्ये ऱ्हायनो कंपनीने तोच वाढवून चार सीडींचा केला. आणखी खोल जायचं असेल तर ‘पेबल्स’ ही मालिका आहे. त्याहून कच्चा, ओरबाडणारा आवाज हवा असेल तर ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’.

संग्रह पाठोपाठ दोनदा ऐक. मनात रुतलेल्या तीनच गाण्यांवर खूण कर आणि त्या तीन बँडचाच माग काढ. एक सावधगिरी मात्र ठेव: गाजलेल्या एका सिंगलच्या जोरावर घाईने काढलेल्या एलपीत बाकीची गाणी बहुधा दुसऱ्यांची, भरतीची असतात. ज्यांनी अख्खी एलपी दमदार केली असे थोडे आहेत, आणि ते चुकवायचे नाहीत. टॅकोमाच्या सॉनिक्सची १९६५ची पहिली एलपी घे. दोन ट्रॅकच्या यंत्रावर, सगळ्या ड्रम्ससाठी एकच माइक लावून ती रेकॉर्ड केली आहे. टेपला न झेपणारा तो आवाजच तिची शान आहे. मंक्स हे जर्मनीत नोकरी केलेले पाच अमेरिकन सैनिक. भिक्षूंसारखी टाळू भादरून, विजेवरचा बँजो घेऊन त्यांनी १९६६ मध्ये ‘ब्लॅक मंक टाइम’ काढली आणि ती त्या वेळी त्यांच्याच देशात आली नाही. टेक्ससच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्सची पहिली एलपीही १९६६ चीच. त्यातला घुमणारा विचित्र आवाज मातीच्या सुरईत तोंडाने काढलेला आहे.

बारीक अक्षरं वाच

कव्हरच्या मागे निर्माता, ध्वनिमुद्रक आणि स्टुडिओ यांची नावं असतात. गायकाच्या नावापेक्षा ती नावं तुला लांबवर नेतील. नॉर्मन स्मिथचं उदाहरण घे. ‘रबर सोल’पर्यंत बीटल्सच्या रेकॉर्डिंगला ध्वनिमुद्रक म्हणून तो होता. मग निर्माता झाला आणि १९६७ मध्ये त्याने पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम केला. तो तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच माणसाने, त्याच अ‍ॅबी रोड स्टुडिओत प्रिटी थिंग्ज या बँडचा ‘एस. एफ. सॉरो’ केला. एका माणसाची जन्मापासूनची कहाणी सांगणारा हा अल्बम १९६८ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये आला. अमेरिकेत मात्र तो पुढच्या वर्षी, हू या बँडचा तसाच कहाणी सांगणारा ‘टॉमी’ येऊन गेल्यावर पोचला आणि आधीचा असूनही नक्कल ठरला. एक नाव पकडून चाललास तर असा अल्बम आपोआप हाती लागतो.

कारण तपासून बघ

आता आपला मूळ प्रश्न एका अल्बमवर लावून दाखवतो. झॉम्बीज हा इंग्लंडचा बँड. १९६४ मध्ये एक गाणं गाजलं, नंतर यश आटत गेलं. १९६७ मध्ये त्यांनी हजार पौंडांच्या तुटपुंज्या खर्चात ‘ओडेसी अँड ओरॅकल’ हा अल्बम केला, बहुतेक सगळा अ‍ॅबी रोडलाच. कंपनीला स्टिरिओ आवृत्ती हवी होती, पण पैसे उरले नव्हते. ते रॉड आर्जंट आणि ख्रिस व्हाइट या दोघांनी आपल्या खिशातून घातले. डिसेंबरात बँड फुटला. अल्बम आला १९६८ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे तो वाजवून दाखवायला बँडच शिल्लक नव्हता. कव्हरवर ओडेसीचं स्पेलिंगही चुकलेलं. अल कूपर या अमेरिकन संगीतकाराने लंडनहून ती रेकॉर्ड नेली आणि अमेरिकेतल्या कंपनीच्या मागे लागून ती काढायला लावली. त्यातलं ‘टाइम ऑफ द सीझन’ हे गाणं १९६९ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, तेव्हा गाणारे केव्हाच पांगले होते. अख्खा अल्बम त्यांनी रंगमंचावर पहिल्यांदा सादर केला तो चाळीस वर्षांनी, २००८ मध्ये.

यात संगीत कुठे कमी पडलं? कुठेच नाही. किंक्सचा ‘व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी’ही तसाच. २२ नोव्हेंबर १९६८ ला तो इंग्लंडमध्ये आला आणि नेमका त्याच दिवशी बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा अल्बम आला. शिवाय अमेरिकेत कार्यक्रम करायला किंक्सना तेव्हा बंदी होती. मेम्फिसच्या बिग स्टारने १९७२ मध्ये पहिला अल्बम काढला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, पण वितरणाच्या घोळात तो दुकानांपर्यंत पोचलाच नाही. फुटलेला बँड, चुकलेली वेळ आणि फसलेलं वितरण, ही तीन कारणं दिसली की तिथे थांब आणि ऐक.

गाव धर

कधीकधी एका गावाचं पाणीच वेगळं असतं. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडचं डनीडिन बघ. १९८१ मध्ये रॉजर शेफर्ड याने क्राइस्टचर्चमध्ये फ्लाइंग नन नावाची छोटी कंपनी काढली आणि डनीडिनची पोरं तिच्याकडे आली. क्लीन या बँडचं ‘टॅली हो’ अवघ्या साठ डॉलरमध्ये रेकॉर्ड झालं आणि तिथल्या गाण्यांच्या यादीत पहिल्या विसात गेलं. त्यानंतरची त्यांची ‘बूडल बूडल बूडल’ ही चार ट्रॅकच्या यंत्रावर केली आहे. झणझणत्या गिटारी, साधा ठेका आणि वर हलकी गोड चाल. क्लीन आवडला की चिल्स, व्हर्लेन्स, बॅट्स असं क्रमाने पुढे जा. मंडळी तीच, माइक तेच, एकमेकांच्या बँडमध्ये वाजवणारी.

हीच युक्ती लॉस एंजेलिसच्या ऐंशीच्या दशकातल्या नव-सायकेडेलिक बँडना लागू पडते. त्यात रेन परेडचा १९८३चा पहिला अल्बम आधी ऐक. पुढे नव्वदच्या दशकात लुइझियानातल्या रस्टन गावच्या शाळासोबत्यांनी ‘एलिफंट सिक्स’ नावाचा गोतावळा जमवला. त्यांच्यातल्या ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोलचा १९९६चा अल्बम घरच्या टेपवर केलेल्या सायकेडेलिक पॉपचा कळस आहे.

पुढच्यांचे गुरू कोण, ते बघ

आवडता बँड कुणाचं गाणं पुन्हा गातो, मुलाखतीत कुणाचं नाव घेतो, ते टिपून ठेव. बिग स्टारला दुकानांनी विसरलं, पण आर.ई.एम.ने विसरू दिलं नाही, आणि रिप्लेसमेंट्सने तर १९८७ मध्ये बिग स्टारच्या अ‍ॅलेक्स चिल्टनच्या नावाचंच गाणं केलं. सॉनिक्सचं ‘स्ट्रिकनीन’ क्रॅम्प्सने गायलं, मंक्सची गाणी फॉल या बँडने उचलली. गाण्याच्या नावाशेजारी गीतकार म्हणून अनोळखी नाव दिसलं की मूळ गाणं शोधायचं.

ऐकण्याची शिस्त

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाइलवर अल्बम लावलास की त्यात मागाहून जोडलेली दहा-वीस गाणी दिसतील. ती काढून टाक. ‘ओडेसी अँड ओरॅकल’ मुळात बारा गाण्यांचा, सुमारे ३५ मिनिटांचा आहे. त्याच क्रमाने, पहिली बाजू संपली की क्षणभर थांबून ऐक. क्रम लावणाऱ्याने विचार करून लावलेला असतो.

मोनो आवृत्ती मिळाली तर ती आधी घे. साठच्या दशकात मोनो मिक्स मन लावून व्हायचं, स्टिरिओ अनेकदा नंतर घाईत उरकलं जायचं. म्हणून जुन्या स्टिरिओत गाणारा एका कानात आणि ड्रम्स दुसऱ्या कानात असं होतं. त्याचाही उपयोग करून घे: हेडफोनचा एकच कान लाव, म्हणजे मागचे गाणारे काय करताहेत ते सुटं ऐकू येईल. नव्या आवृत्तीत सगळंच मोठ्याने येत असेल आणि कान लवकर थकत असतील तर आवाज चढवून ठेवलाय असं समज आणि दुसरी आवृत्ती शोध.

कमीत कमी तीनदा ऐकल्याशिवाय मत बनवू नकोस. पहिल्यांदा चाल ऐक, दुसऱ्यांदा बास आणि ड्रम्स, तिसऱ्यांदा शब्द. झॉम्बीजचं पहिलंच गाणं, ‘केअर ऑफ सेल ४४’, चालीवरून सकाळच्या उन्हासारखं प्रसन्न वाटतं. शब्दांकडे लक्ष गेलं की कळतं, तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रियजनाला लिहिलेलं ते पत्र आहे. मग मधेच वाद्यं गप्प होऊन नुसते गळे उरतात, ती जागा वेगळीच भासू लागते. लव्ह या बँडचा १९६७चा ‘फॉरएव्हर चेंजेस’ही असाच. साधी गिटार, व्हायोलिनं, ट्रम्पेट, सगळं देखणं. आणि आत आर्थर लीच्या मनातली मृत्यूची धास्ती. तेव्हा अमेरिकेच्या यादीत तो १५४ च्या वर गेला नाही. एकदाच ऐकणाऱ्यांना तो नुसता गोडच वाटला असेल.

दुर्मिळतेला भुलू नकोस

पन्नासच प्रती निघाल्या म्हणून कुठलाही अल्बम थोर होत नाही. भाव प्रतींच्या टंचाईला असतो. मूळ प्रत हवीच असा हट्ट धरू नकोस. चांगलं पुनर्मुद्रण घे, पण हक्क रीतसर घेतलेलं. कव्हरवर परवानगीचा, मूळ टेपचा, बँडशी बोलून लिहिलेल्या टिपणाचा उल्लेख आहे का ते बघ. डेट्रॉइटच्या रॉड्रिगेझचा १९७०चा ‘कोल्ड फॅक्ट’ दक्षिण आफ्रिकेत घरोघरी वाजत होता आणि तो डेट्रॉइटमध्ये मजुरी करत होता. त्या खपाचे पैसे त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. आपला पैसा वाजवणाऱ्याच्या घरी जावा, एवढं आपण बघायचं.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एलपी हाताळशील तेव्हा ती उजेडात तिरकी धर. समोरून धरली तर ओरखडे लपतात. बोटाच्या टोकाला जाणवणारा ओरखडा सुईलाही जाणवतो. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड भरपूर वाजलेली आहे. डोळ्यांच्या पातळीवर धरून ती वाकली आहे का बघ. शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक टिपून घे, आवृत्ती त्यावरूनच ओळखतात. पावसाळ्याची बुरशी डिस्टिल्ड वॉटरने आणि मऊ फडक्याने पूस. आणि ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट कधी लावू नकोस, लाख विरघळते.

आपल्या दारातही बघ

हे सगळं फक्त परदेशातच झालं असं नाही. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी इम्पीरियल टोबॅको कंपनी ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा घ्यायची. तिची अंतिम फेरी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात व्हायची. त्यातल्या बँडच्या गाण्यांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या, आणि आज जगभरचे गॅरेज रॉकचे शौकीन त्यांच्या मागावर असतात. मुंबईच्या व्हेल्व्हेट फॉगचं नाव त्या काळच्या चर्चेत हमखास येतं. त्यात गाणारे नंदू भेंडे म्हणजे रंगकर्मी आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव, पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकामुळे मराठी घरांत पोचलेले. मुंबईच्याच अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा अल्बम २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या कंपनीने पुन्हा काढला. तेव्हा साठी-सत्तरी ओलांडलेल्या नातेवाइकांना विचार, तरुणपणी कुणाचं वाजवणं ऐकलं, माळ्यावरच्या खोक्यात काय आहे. ती माणसं आहेत तोवरच हे विचारता येईल.

आजचं आज घे

शेवटचा कानमंत्र पुढचा विचार करून देतो. झॉम्बीजना चाळीस वर्षं थांबावं लागलं, कारण ऐकणारे वेळेवर आले नाहीत. आजही तुझ्याच शहरातल्या छोट्या हॉलमध्ये तीस माणसांपुढे कुणीतरी असं वाजवत असेल. तिकीट काढून जा. आवडलं तर सीडी, कॅसेट, एलपी, जे असेल ते थेट त्यांच्याकडून विकत घे. बँडचं नाव, गाव, वर्ष आणि तुला काय आवडलं ते वहीत लिहून ठेव, आणि त्याच आठवड्यात दोन मित्रांना तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकव.