आपत्तीतील भाववाढ : पुरवठा आणि नियंत्रण

दिनांक 3 जून 2020 रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ पुणे जिल्ह्यातही शिरले. मावळ तालुक्यात घरांचे पत्रे उडाले, फुलशेतीच्या हरितगृहांची हानी झाली. पावसाळा तोंडावर होता आणि टाळेबंदीने विस्कटलेली वाहतूक पूर्ववत झालेली नव्हती. अशा वेळी बेडसे गावातील छप्पर गमावलेल्या कुटुंबापुढे प्रश्न असतो तो एकच : कामशेतच्या बाजारात पत्रा कोणत्या भावाने मिळेल?

हा भाव दुप्पट झाला, असे समजू. अर्थशास्त्रानुसार चढा भाव दोन कामे करतो. ज्याची निकड नाही तो खरेदी लांबणीवर टाकतो आणि दूरचा व्यापारी अधिक लाभाच्या आशेने माल पाठवितो. हा विचार सर्वस्वी चुकीचा नव्हे. परंतु रस्ता बंद आणि कारखाना थंड असेल, तर भाव कितीही चढला तरी गावात एकही पत्रा अधिक येत नाही. गरजवंताच्या गाठीचा पैसा तेवढा दुकानात जातो. निकडीची पारखही नीट होत नाही. सधन शेतकरी गोठ्यासाठी पत्रे नेतो आणि उघड्या घरातील शेतमजूर रिकाम्या हाताने परततो.

मग कमाल दर ठरविणे पुरेसे आहे काय? केंद्र शासनाने 13 मार्च 2020 रोजी मुखपट्ट्या व सॅनिटायझर यांचा जीवनावश्यक वस्तू अधिनियम, 1955 खाली समावेश केला. आठवडाभरात 200 मिलिलिटर सॅनिटायझरसाठी 100 रुपये व तीनपदरी मुखपट्टीसाठी 10 रुपये ही मर्यादा आली. त्याच सुमारास साखर कारखान्यांच्या आसवन्यांना सॅनिटायझर निर्मितीची परवानगी मिळाली, महिला बचत गटांनी मुखपट्ट्या शिवल्या. माल मुबलक झाल्यावर 30 जूननंतर या वस्तू यादीत ठेवण्याची गरज उरली नाही. उत्पादन वाढले नसते, तर नियंत्रित दराचा माल दुकानाच्या मागील दारानेच विकला गेला असता.

सुट्या पत्र्यावर मात्र वेष्टनातील मालाप्रमाणे कमाल किंमत छापलेली नसते. तेथे ग्रामपंचायतीला बरेच करता येते. बाधित घरांची यादी करून मागणी एकत्र नोंदविल्यास घाऊक व्यापाऱ्याकडून एकाच मालमोटारीने पत्रे आणता येतात आणि दर फलकावर लिहिता येतो.

दुकानदाराची बाजूही पाहिली पाहिजे. कौटिल्याने स्थानिक मालावर शेकडा 5, तर परदेशी मालावर शेकडा 10 नफा मान्य केला होता. लांबच्या वाटेने माल आणणाऱ्याचा खर्च खरोखरच वाढलेला असतो. तक्रार आल्यास प्रथम त्याचे खरेदीचे बिल व मालवाहतुकीची पावती पाहावी.