आधी दगड ओळखा, मग यंत्र लावा

नागपूर, भंडारा आणि पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट हा पट्टा मँगनीजचा. शंभराहून अधिक वर्षं इथून माल निघतो आहे. हाताने वेचून थेट विकता येईल असा वरचा चांगला माल बराचसा संपत आला. आता खोलवर उरलेल्या आणि पूर्वी बाजूला टाकलेल्या हलक्या प्रतीच्या मालातून कामाचं खनिज वेगळं कसं काढायचं, हा प्रश्न आहे. माझी नोकरी याच कामात गेली, अर्धी प्रयोगशाळेत आणि अर्धी खदानीवर. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना जे मी दरवर्षी सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

1. नमुना घेण्याचं काम दुसऱ्यावर सोपवू नका.

डंपरने माल ओतला की ढीग होतो. मोठे दगड घरंगळत पायथ्याशी येतात, चुरा मधेच राहतो. पायथ्याशी उभं राहून फावड्याने पिशवी भरली की तिच्यात दगडच जास्त येतात. आता आपल्याकडचा माल पाहा. पायरोल्युसाइट हे मँगनीजचं चांगलं खनिज मऊ असतं, हाताला काळं लागतं, वाहतुकीतच त्याचा चुरा होतो. गोंडाइट हा गार्नेट आणि क्वार्ट्झचा कमअस्सल खडक मात्र टणक, तो दगड म्हणूनच टिकतो. म्हणजे पायथ्याचा नमुना त्या ढिगाला आहे त्यापेक्षा गरीब ठरवणार. मग महिनाभर आपण एका अशा मालावर प्रयोग करत बसतो, जो खदानीत कुठेच नाही.

म्हणून ढीग उलटापालटा करायचा, सारखा पसरायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा भरडायचं, पुन्हा चार भाग. कंटाळवाणं काम आहे, पण ते उन्हात उभं राहून डोळ्यांदेखत करून घ्या. पिएर गी या फ्रेंच अभियंत्याने 1950 च्या दशकात याचं गणितच मांडलं. त्यातली एक गोष्ट मी पाठ करून घेते: खड्यांचा आकार दुप्पट असेल आणि भरवसा तेवढाच हवा असेल, तर नमुन्याचं वजन आठपट लागतं. चार किलोच्या पिशवीत मुठीएवढे दगड आणून देणाऱ्याला मी तो नमुना परत नेऊन द्यायला सांगते.

2. कोअरचा अर्धा भाग पेटीत राहिलाच पाहिजे.

ड्रिलिंगमधून आलेला दगडाचा दंडगोल उभा चिरायचा, अर्धा तपासणीला पाठवायचा, अर्धा पेटीत जपायचा. ही शिस्त मोडली की काय होतं, ते जगाने बुसांगला पाहिलं. इंडोनेशियाच्या बोर्निओतल्या या जागी ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं जाहीर केलं. कोअरचा अर्धा भाग न राखता तो अख्खा भरडला जात होता आणि त्या चुऱ्यात बाहेरचं सोनं मिसळलं जात होतं. त्या सोन्याचे कण गोलसर होते, नदीच्या वाळूत घासून होतात तसे. 1997 मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारी भोकं पाडली, तेव्हा तिथे सांगण्यासारखं सोनं निघालं नाही. अब्जावधी डॉलरचे शेअर मातीमोल झाले. 2001 पासून कॅनडात साठ्याचा अहवाल जबाबदार तज्ज्ञाच्या सहीनेच द्यावा लागतो, असा नियम आला. सही चांगलीच, पण पेटीतला अर्धा कोअर सहीपेक्षा खरा. संशय आला की पेटी उघडून पुन्हा तपासता येतं.

3. कोअरमध्ये दिसते ती जाडी खरी नसते.

आपले हे थर सौंसर समूहाचे. मुळात समुद्रतळाशी साठलेला गाळ, पुढे उष्णतेने आणि दाबाने बदललेला आणि अनेकदा दुमडलेला. देवलापार परिसरात एका भागाचे खडक दुसऱ्यावर सरकून पालथे पडले आहेत, हे भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1930 च्या दशकातच दाखवलं होतं. अशा ठिकाणी कोअरमध्ये 10 मीटर मँगनीज दिसलं आणि थर कोअरच्या अक्षाशी 30 अंशांचा कोन करत असला, तर खरी जाडी 5 मीटरच. शिवाय एकच थर घडीमुळे भोकाला दोनदा भेटतो आणि नकाशावर दोन थर होतात. कोनमापक खिशात ठेवा.

4. टक्केवारीवर थांबू नका, सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

माझ्या मते या व्यवसायातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. रासायनिक तपासणीचा कागद येतो: मँगनीज इतकं, सिलिका इतकी, लोह इतकं, फॉस्फरस इतका. तरुण संशोधक लगेच ठरवतो की सिलिका जास्त आहे, जिग (पाण्याच्या हेलकाव्याने जड-हलके कण वेगळे करणारं यंत्र) लावू, ती निघून जाईल. पण ती सिलिका बसली आहे कुठे?

ती सुट्या क्वार्ट्झच्या कणांत असेल तर काम सोपं. क्वार्ट्झची घनता 2.65, मँगनीजच्या चांगल्या खनिजांची साडेचारच्या पुढे. पाण्याच्या हेलकाव्यात दोन्ही आपोआप वेगळी होतात. सिलिका गार्नेटमध्ये असेल तर अडचण सुरू होते. गोंडाइटमधल्या स्पेसार्टीन या गार्नेटची घनता 4.2 च्या आसपास, म्हणजे जिगमध्ये तो मालाबरोबरच खाली बसू पाहतो. आणि सिलिका ब्राउनाइटमध्ये असेल तर कुठलंही यंत्र उपयोगाचं नाही. ब्राउनाइट हे आपल्या पट्ट्यातलं मुख्य खनिज. अगदी शुद्ध ब्राउनाइटमध्ये सुमारे 63 टक्के मँगनीज असतं आणि जवळपास 10 टक्के सिलिका त्याच्या स्फटिकाच्या बांधणीतच असते. ती दळून निघत नाही, धुऊन निघत नाही. तीन तपासणी अहवालांत सिलिकेचा आकडा एकच असेल, तरी तिन्ही मालांचं भवितव्य वेगळं.

फॉस्फरसचंही तसंच. तो बहुतेकदा बारीक अपाटाइटच्या रूपात असतो, आणि फेरोमँगनीजच्या भट्टीत गेलेला जवळपास सगळा फॉस्फरस धातूत उतरतो, तिथे तो काढता येत नाही. पोलाद त्याने ठिसूळ होतं. म्हणून भट्टीच्या आधी जे करायचं ते करा, आणि काय करता येईल हे पॉलिश केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय कळत नाही.

भूवैज्ञानिक एल. एल. फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजवरचा आपला मोठा ग्रंथ 1909 मध्ये प्रसिद्ध केला. गोंड समाजावरून गोंडाइट हे नाव त्यांनीच दिलं. आजची उपकरणं त्यांच्याकडे नव्हती, पण खनिजांची त्यांनी बारकाईने केलेली वर्णनं मी आजही विद्यार्थ्यांना वाचायला देते.

5. दगड फोडणाऱ्या बायांना विचारा.

तुमसरकडच्या एका खदानीवर मी वेचणीच्या जागी बसले होते. माझ्या हातात एक सुंदर काळाभोर तुकडा होता. शेजारच्या मावशींनी तो घेतला, तळहातावर दोनदा तोलला आणि म्हणाल्या, "मॅडम, याले पाहा, हलका हाये. वरूनच काळा हाये हा." हातोडीचा एक घाव. आत तपकिरी-पिवळे गार्नेटचे दाणे आणि पांढरा क्वार्ट्झ, वर फक्त उन्हापावसाने चढलेली मँगनीजची पातळ काळी साल. घनतेचा जो फरक आम्ही प्रयोगशाळेत मोजतो, तो त्यांच्या मनगटात होता. ऑप्टिकल सॉर्टर बसवायचा विचार असेल तर आधी हे समजून घ्या: रंगावर निवड करणारं यंत्र त्या काळ्या सालीला फसेल.

6. गरजेपेक्षा बारीक दळू नका.

खनिज प्रक्रियेत सर्वाधिक वीज भरडण्या-दळण्यातच जाते. बारीक दळलं की कण सुटे होतात हे खरं, पण मँगनीजचा माल ठिसूळ, त्याचा चिखलासारखा गाळ फार लवकर होतो. त्या गाळातून जिग आणि हलतं टेबल काहीच पकडू शकत नाहीत, आणि चांगला माल टेलिंगबरोबर, म्हणजे टाकाऊ गाळाबरोबर, वाहून जातो. आधी जाडसर भरडून सुटलेला माल बाजूला काढा, उरलेलाच दळा.

7. प्रयोगशाळेत नळाचं पाणी, खदानीवर खदानीचं. फ्लोटेशनच्या (रसायनं आणि फेसाच्या मदतीने खनिज वेगळं करण्याच्या) चाचण्या शेवटी तरी खदानीच्याच पाण्यात करा. पाण्यातला क्षार रसायनांचं काम बिघडवतो.

8. धूळ हा संशोधनाचाच भाग आहे.

मँगनीजच्या भुकटीने कामगारांच्या चालण्यात, बोलण्यात बिघाड होतो हे ग्लासगोच्या कूपर या डॉक्टरांनी 1837 मध्येच नोंदवलं. कंपवातासारखी लक्षणं, आणि ती सहसा मागे फिरत नाहीत. क्वार्ट्झच्या धुळीने सिलिकोसिस होतो तो वेगळाच. आपले अहवाल आपल्या नावाने निघतात, पण पल्व्हरायझरपाशी, म्हणजे दळणयंत्रापाशी, दिवसभर एक मदतनीस उभा असतो. त्या खोलीत धूळ ओढून घेणारा पंखा चालू आहे का, मास्क रुमालाचा आहे की खरा, हे मी चाचणी सुरू करण्याआधी बघते. पंखा बंद असेल तर त्या दिवशी दळण होत नाही, मग अहवालाची मुदत उलटली तरी चालेल.

9. टाकलेल्या मालाचीही नोंद ठेवा.

आज जो टाकाऊ, तो उद्या कच्चा माल. लोहखनिजाची किमान मर्यादा भारतीय खाण ब्युरोने 55 टक्क्यांवरून 45 वर आणली, आणि कालपर्यंत कचऱ्यात मोजलेला माल एका आदेशाने खनिज ठरला. गोव्यात तर जुन्या डंपांचे डोंगर उभे आहेत. पावसाळ्यात त्यांची माती शेतात आणि ओढ्यात उतरते, आणि त्याच डंपांत विकण्याजोगं लोहही आहे. अशा डंपवर काम करायचं म्हटलं की पहिली अडचण हीच येते की कोणत्या वर्षी, कोणत्या पातळीवरचा, किती टक्क्यांचा माल कुठे टाकला, याचा कागद नसतो. मग सगळा डोंगर नव्याने ड्रिल करावा लागतो. आमच्याकडच्या एका जुन्या खदानीत मात्र कुणीतरी वर्षानुवर्षं वहीत डंपचा नकाशा, तारीख आणि टक्केवारी लिहून ठेवली होती, न जमलेल्या चाचण्यांच्या आकड्यांसकट. त्या वहीमुळे आम्ही नमुने कुठून घ्यायचे ते दोन दिवसांत ठरवू शकलो, आणि फॉस्फरससाठी कुठल्या चाचण्या पुन्हा करायच्या नाहीत, तेही.