संगणकावरील अभ्याससाहित्य : कोणते आणि कशासाठी?



घाटकोपर, मुलुंड किंवा अंधेरीच्या एका खोलीच्या घरात पुष्कळदा मोबाईल एकच असतो आणि त्यावर अभ्यास करणारी भावंडे दोन-तीन असतात. म्हणून साहित्य किती मिळते यापेक्षा कोणते साहित्य कोणत्या कामाला घ्यावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे मुख्य चार प्रकार पाहू.

१) पीडीएफ : बालभारतीची पाठ्यपुस्तके या स्वरूपात विनामूल्य मिळतात. एकदा उतरवून घेतली की पुन्हा इंटरनेट लागत नाही. पान छापील पुस्तकासारखेच राहते, त्यामुळे आकृत्या व कोष्टके जागच्या जागी दिसतात. मात्र लहान पडद्यावर पान सतत सरकवावे लागते. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधील मराठी मजकुरात शब्द शोधणेही कठीण जाते.

२) ईपब : यातील मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे बसतो व अक्षर मोठे करता येते. इतिहास, निबंध, कथा वाचण्यास हा प्रकार सोयीचा. गणिताची सूत्रे व मोठी कोष्टके मात्र कधी कधी विस्कटतात.

३) चित्रफीत : पवईच्या आय.आय.टी. मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प याचे उत्तम उदाहरण आहे. सुमारे १० मिनिटांच्या फितीत संगणकाचा पडदा दिसतो आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत निवेदन ऐकू येते. एक पायरी पाहावी, फीत थांबवावी, तीच पायरी स्वतः करावी, अशी ही पद्धत आहे. नुसते पाहून लिब्रेऑफिस किंवा पायथन येत नाही. शिवाय चित्रफितीला डेटा सर्वांत जास्त लागतो.

४) प्रश्नसंच : २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणकावर शिकणे व संगणकावरच परीक्षा देणे महाराष्ट्रात रुळले. चूक लगेच कळते, हा मोठा फायदा. परंतु योग्य पर्याय ओळखता आला म्हणजे उत्तर लिहिता येईलच असे नाही.

२०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचामुळे पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडवरून धड्याचे पूरक साहित्य उघडता येऊ लागले. म्हणजेच पुस्तक आणि पडदा एकमेकांना पूरक आहेत.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी धडा वाचा, जिथे अडेल तेवढ्यापुरतीच चित्रफीत पाहा, मग प्रश्नसंच सोडवा, शेवटी मोबाईल भावंडाकडे देऊन तेच उत्तर वहीत लिहून काढा. शालान्त परीक्षेत शेवटी उत्तरपत्रिका हातानेच लिहायची असते. पालकांनीही मुलगा किती वेळ पडद्यासमोर होता हे न विचारता त्याने वहीत काय लिहिले ते पाहावे, एवढीच विनंती.